६०६१-टी६ ची शिडी वेल्डिंगच्या शेजारीच का वाकली?

शिडीवाला_हिंगणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीत माझं लहानसं फॅब्रिकेशनचं शेड आहे. मी आणि चार कारागीर. दसऱ्याच्या सुमारास काटोलकडच्या एका बागायतदारानं संत्रा तोडणीसाठी दहा शिड्या सांगितल्या. बांबूची शिडी दोन हंगामांत खिळखिळी होते. लोखंडी शिडी या झाडाखालून त्या झाडाखाली ओढता ओढता माणूस थकतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या करायचं ठरलं.

उभे दांडे ५० × २५ चा पेटी पाइप, भिंत २ मिमी. पायऱ्या २८ मिमीचा गोल पाइप. दोन्ही माल ६०६१-टी६ म्हणून घेतला (६०६१ हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा नंबर, टी६ ही त्याची कडक केलेली अवस्था), बिलावरही तसंच लिहिलेलं आहे. पायऱ्या दांड्याला टिगनं (विजेच्या आर्कनं धातू वितळवून जोडायची वेल्डिंग) चारी बाजूंनी वेल्ड केल्या, भरणीचा रॉड ४०४३. दिसायला एकदम सुबक काम झालं होतं.

अंबिया बहाराची तोडणी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात फोन आला. पाठीवर संत्र्यांची झोळी घेऊन एक भाऊ पाचव्या पायरीवर होते, दांडा वाकला आणि ते खाली आले. मनगट मोडलं. मी त्याच दिवशी जाऊन आलो, दवाखान्याचा खर्च दिला, दहाच्या दहा शिड्या परत आणल्या. तेव्हापासून झोप नाही.

शिडी टेबलावर ठेवून पाहिली. वेल्ड कुठेही तडकलेलं नाही. दांडा वाकलाय तो वेल्डच्या मण्यापासून, म्हणजे वितळून बसलेल्या पट्टीपासून, बोटभर अंतरावर. तिथं पाइप आतल्या बाजूला चेपलाय, जणू शिसाचा असावा. बाकी तोच पाइप पकडीत धरून वाकवायला गेलो तर हलत नाही.

मला वाटते व्यापाऱ्यानं दुसराच माल दिला. हे कसं तपासू? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

बागवान_कळमेश्वर

भाऊ, त्या मजुराची विचारपूस केली, खर्च दिला, शिड्या परत नेल्या, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे अजून बांबूच चालू आहे. तुमचं उत्तर काय निघते ते पाहून राहिलो, मलाही सहा शिड्या पाहिजेत.

---

भट्टीवाला_बुटीबोरी

मी एक्सट्रूजन प्रेसवर काम करतो, म्हणजे तापलेलं ॲल्युमिनियम साच्यातून ढकलून पाइप काढतो. तुमची शंका अगदीच निराधार नाही. बाजारात ६०६३ चा पाइप ६०६१ म्हणून खपवला जातो, कारण डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. खिडक्यांच्या सेक्शनला जातो तो ६०६३. जुने लोक अजून एचई नंबरांनी बोलतात: एचई ९ म्हणजे ६०६३, एचई २० म्हणजे ६०६१, एचई ३० म्हणजे ६०८२. भारतीय मानकात याच क्रमानं ६३४००, ६५०३२ आणि ६४४३०. टेस्ट सर्टिफिकेटवर यातला कोणता आकडा आहे ते आधी पाहा.

ताकदीत फरक मोठा आहे. ६०६३ टी५ मध्ये कायमचा वाकू लागतो १४५ मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आसपास, ६०६१ टी६ मध्ये २७६ च्या आसपास.

स्पेक्ट्रो करून घ्या, म्हणजे धातूत कोणता घटक किती टक्के आहे त्याची तपासणी. पाइपचा तळहाताएवढा तुकडा पुरतो. अहवालात पहिल्यांदा तांबं बघा. ६०६१ मध्ये तांबं मुद्दाम घातलेलं असतं, ६०६३ मध्ये ते ०.१० टक्क्याच्या वर चालत नाही. चोरी तिथंच पकडली जाते.

---

निवृत्त_धातुकर्मी

धागाकर्ते, स्पेक्ट्रो अवश्य करा. पण व्यापाऱ्याशी भांडायला जाण्याआधी थोडं थांबा. 'वेल्डपासून बोटभर अंतरावर' हे तुमचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

६०६१ हा घडीव मिश्रधातू आहे. ओतीव नव्हे. म्हणजे त्याचा ओंडका ओतून पुढे दाबून, लाटून किंवा साच्यातून ढकलून आकार दिला जातो. १९३५ सालचा हा धातू, तेव्हा त्याला ६१एस म्हणत. त्यात मॅग्नेशियम ०.८ ते १.२ टक्के, सिलिकॉन ०.४ ते ०.८, तांबं ०.१५ ते ०.४०, क्रोमियम ०.०४ ते ०.३५. लोखंड जास्तीत जास्त ०.७, जस्त ०.२५, मँगनीज आणि टायटेनियम प्रत्येकी ०.१५. उरलेलं ॲल्युमिनियम. घनता २.७०, म्हणजे लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश.

आता मुद्द्याचं. ही घटकांची यादी सगळीच्या सगळी बरोबर असली, तरी त्यातून ताकद आपोआप येत नाही. हाच पाइप पूर्ण नरम केलेल्या अवस्थेत, ज्याला ओ टेंपर म्हणतात, ५५ मेगापास्कललाच वाकू लागतो. टी६ मध्ये २७६. घटक तेच, वजन तेच, रंग तोच. फरक पाचपट.

हा फरक भट्टीत तयार होतो. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून मॅग्नेशियम सिलिसाइड होतं. साखरेचा घट्ट पाक करतो तसं समजा. सुमारे ५३० अंशांवर ते ॲल्युमिनियममध्ये पूर्ण विरघळतं. मग झटकन पाण्यात बुडवायचं, म्हणजे खडे धरायला सवड मिळत नाही. त्यानंतर १६० ते १७५ अंशांवर आठ ते अठरा तास ठेवलं की अतिशय बारीक, सुईसारखे कण सगळीकडे सारखे पसरतात. धातूचे थर एकमेकांवरून सरकायला निघाले की हे कण अडवतात. हीच टी६ ची ताकद. मुरवून कडक करण्याची ही किमया आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ मध्ये बर्लिनजवळ एका तांबंवाल्या मिश्रधातूत प्रथम सापडली. त्यातूनच पुढे ड्युरॅल्युमिन आलं.

आणि टिगचा आर्क काय करतो? मण्याला लागून धातू इतका तापतो की कण पुन्हा विरघळतात. त्याच्या थोडं पलीकडे, जिथं तीन-चारशे अंश लागतात, तिथं विरघळत नाहीत तर फुगतात. बारीक सुया जाऊन जाड खडे होतात आणि खड्यांमधल्या मोकळ्या जागेतून धातू सरकतो. तुमचा दांडा नेमका तिथंच चेपला.

---

टिगताई

काकांनी सांगितलं ते मी रोज पाहते. मी वेल्डिंग शिकवते.

तीन प्रश्न. वेल्ड करण्याआधी गॅसनं तापवलं होतं का? एका पायरीचं सगळं वेल्ड एकाच दमात केलं की थांबून थांबून? आणि पायरीचा पाइप दांड्याच्या रुंद बाजूवर, मधोमध बसवलाय ना?

---

शिडीवाला_हिंगणा

काका, ताई, मनापासून आभार.

ताई, हो, तापवलं होतं. कारागीर म्हणाला ॲल्युमिनियम उष्णता लगेच ओढून नेते, मणी नीट बसत नाही, म्हणून गॅसची ज्योत फिरवत होता. साबणाची रेघ काळी पडेपर्यंत. वेल्ड एका दमात. पायरी रुंद बाजूवर मधोमध.

स्पेक्ट्रोला तुकडा दिलाय.

---

टिगताई

साबण काळा पडेपर्यंत म्हणजे फार झालं हो. ती रेघ आपण पत्रा नरम करून वाकवायचा असतो तेव्हा ओढतो. तुम्ही वेल्डिंगच्या आधीच टी६ उतरवायला घेतला होता. २ मिमी भिंतीला प्रीहीट लागतच नाही. जाड मालाला करायचं तर १२० अंशांच्या वर जायचं नाही, आणि तेही थोडा वेळ.

कारागिराला रागावू नका. त्याची अडचण खरी आहे, उपाय चुकला. मणी बसत नव्हता तो वरच्या ऑक्साइडमुळे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याच्यावरची ऑक्साइडची साय २००० च्या वर. ॲसिटोननं पुसायचं, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला स्टेनलेसचा ब्रश मारायचा, मशीन एसीवर ठेवायची, आणि करंट थोडा जास्त घेऊन हात पटापट चालवायचा. रेंगाळलेल्या हातानं उष्णता पसरते.

४०४३ रॉड ठीक आहे. ६०६१ रॉडशिवाय नुसता वितळवून जोडला तर गार होताना चिरतो, म्हणून सिलिकॉनवाला ४०४३ किंवा मॅग्नेशियमवाला ५३५६ लागतोच. पुढे ॲनोडाइज करायचं (विजेच्या प्रक्रियेनं वर संरक्षक थर चढवायचा) असेल तर ५३५६ घ्या, ४०४३ चा मणी काळपट राखाडी दिसतो.

---

धातू_नवखा

एक शंका. मग ७०७५ का वापरत नाहीत? तो विमानाचा माल, ताकद दुप्पट म्हणतात.

---

निवृत्त_धातुकर्मी

ताकद खरंच जवळजवळ दुप्पट, टी६ मध्ये सुमारे ५०० मेगापास्कलपर्यंत वाकत नाही. पण त्यात जस्त ५.१ ते ६.१ टक्के आणि वर तांबं. साध्या टिगनं जोडला की तडकतो. विमानात तो रिव्हेटनं जोडतात. पातळ पाइपही सहज मिळत नाही. शिडीसाठी तो विचार सोडा.

---

शिडीवाला_हिंगणा

अहवाल आला. जसाच्या तसा देतो.

सिलिकॉन ०.६२, लोखंड ०.२४, तांबं ०.२३, मँगनीज ०.०६, मॅग्नेशियम ०.९१, क्रोमियम ०.११, जस्त ०.०३, टायटेनियम ०.०२.

म्हणजे माल ६०६१ च आहे. मी त्या व्यापाऱ्याला फोनवर नाही नाही ते बोललो होतो. आज दुकानात जाऊन समोरासमोर माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि स्वतःच सांगितलं की 'घटक बरोबर निघाले, आता कडकपणाही मोजा, स्पेक्ट्रोला टेंपर दिसत नाही.'

---

भट्टीवाला_बुटीबोरी

अगदी बरोबर बोलले ते. स्पेक्ट्रोला घटक कळतात, भट्टीत काय झालं ते कळत नाही. आमच्याकडे वेब्स्टर असतो, पकडीसारखं हत्यार. भिंतीवर दाबलं की काटा फिरतो. ६०६१-टी६ ला १५ च्या आसपास यायला पाहिजे. रविवारी शिडी घेऊन बुटीबोरीला या, पाच मिनिटांचं काम आहे.

---

शिडीवाला_हिंगणा

जाऊन आलो. भाऊंनी सुटीच्या दिवशी वेळ दिला, त्यांचे उपकार.

न वाकलेल्या दांड्यावर, एका पायरीपासून सुरुवात करून मण्यापासून अंतर मोजत गेलो. ८० मिमीवर काटा १५ वर. ४० मिमीवर १५. २५ मिमीवर १३. १५ मिमीवर ९. १० मिमीवर ७. मण्याला अगदी लागून पुन्हा थोडा वर, ८.

१० मिमीवर हत्यार दाबलं तेव्हा हाताला कळलं, टोक लोण्यात गेल्यासारखं गेलं. तो आवाजही वेगळा होता. काका म्हणाले तसंच, सगळ्यात नरम जागा मण्यावर नाही, मण्याच्या थोडी पुढे.

---

निवृत्त_धातुकर्मी

असं मोजून कुणी इथं लिहीत नाही. शाबास.

आता हिशेब बघा. वेल्डभोवती साधारण २५ मिमी, म्हणजे एक इंच, धातू नरम झाला असं धरूनच रचना करायची असते. तुमची पायरी २८ मिमी. वर २५, खाली २५. झाले ७८. आणि दांडा किती उंच? ५०! म्हणजे पायरी मधोमध असूनही प्रत्येक पायरीपाशी दांडा वरपासून खालपर्यंत पूर्ण नरम आहे. कडक धातूची एक पट्टीही शिल्लक नाही. ७५ मिमीचा दांडा घेतलात तरी तीच गत.

भार पाहू. माणूस आणि झोळी मिळून ९० किलो, शिडीचे टेके २.८ मीटर अंतरावर, शिडी जवळजवळ आडवी धरली, म्हणजे वाईटात वाईट स्थिती. दोन दांड्यांत मिळून मधोमध ताण येतो सुमारे ८६ मेगापास्कल. फांदी ओढताना हिसका बसला की तो दीडपट-दुप्पट धरा, १३० ते १७०. मूळ टी६ पाइप २७६ पर्यंत सहज पेलतो. वेल्डजवळ तुटण्याचीच ताकद ३१० वरून १६५ च्या आसपास उतरलेली, आणि वाकायला त्याहून बरंच कमी पुरतं.

आणखी एक. ॲल्युमिनियमची ताठरता लोखंडाच्या एक तृतीयांश, ६९ गिगापास्कल. कोणताही टेंपर घ्या, त्यात बदल होत नाही. शिडी लचकते म्हणून ती कमजोर, असं नाही. लचकून परत सरळ होते की नाही ते पाहायचं.

---

धातू_नवखा

वाचनखूण साठवली. आमच्या उन्हानं टेंपर उतरतो का? मे महिन्यात शेडमधला पाइप हातात धरवत नाही.

---

भट्टीवाला_बुटीबोरी

नाही. नागपूरचा पारा ४६-४७ ला गेला आणि उन्हात पाइप सत्तर अंशांपर्यंत तापला, तरी टी६ ला काही होत नाही. मुरवण्याचं तापमानच १६० च्या पुढे आहे.

---

बागवान_कळमेश्वर

दोन गोष्टी माझ्याकडून. आम्ही डिंक्यासाठी (डिंक गळण्याचा रोग) झाडाच्या बुंध्याला बोर्डो मलम लावतो, शिडी त्याच बुंध्याला टेकते. मोरचूद आणि चुन्याचं ॲल्युमिनियमशी जमते का?

दुसरं, माझ्या बागेवरून मोटारपंपाची लाईन गेली आहे. ही शिडी तारेला लागली तर?

---

निवृत्त_धातुकर्मी

नाही जमत, आणि प्रश्न फार चांगला आहे. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं आणि त्याभोवती बारीक खड्डे पडत जातात. चुना अल्कधर्मी, तो वरची संरक्षक साय खातो. शिडीवर मलम लागलं की त्याच दिवशी साध्या पाण्यानं धुवायचं. टेकणाऱ्या टोकांना रबराच्या टोप्या घाला, आणि जमल्यास ॲनोडाइज करा.

तारेखाली ॲल्युमिनियमची शिडी नेऊच नका. लाईनखालच्या ओळींसाठी तुमची कोरडी बांबूची शिडी ठेवा, तीही तारेपासून लांबच.

---

शिडीवाला_हिंगणा

मग करू काय? आख्खी शिडी वेल्ड करून पुन्हा ५३० ची भट्टी आणि पाणी? दहा फुटी शिडी पाण्यात टाकली की पिळवटून निघेल.

---

टिगताई

मी वेल्डिंगची माणूस, तरी सांगते: या शिडीला वेल्ड नकोच. बाजारातल्या चांगल्या ॲल्युमिनियम शिडीची पायरी जवळून पाहा. पायरीचा पाइप दांड्यातून आरपार घालून बाहेरचं तोंड फुलवलेलं असतं, आतून कॉलर. उष्णता शून्य.

---

निवृत्त_धातुकर्मी

ताईंचं म्हणणं मान्य. भोकाची भीती बाळगू नका. वाकताना ताण दांड्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला असतो, मधोमध जवळजवळ नसतो. दोन्ही भिंतींत मधोमध २८ मिमीचं भोक पाडलं तर दांड्याची जेमतेम ८ टक्के ताकद जाते. वेल्डनं निम्म्याहून जास्त जात होती. भोकाची कड मात्र घासून गुळगुळीत करा.

---

शिडीवाला_हिंगणा

पहिला प्रयत्न फसला. पायरीचं तोंड फुलवताना पाइप उभा चिरला. तीन तुकडे केले, तिन्ही चिरले.

---

भट्टीवाला_बुटीबोरी

पायऱ्याही टी६ च्याच घेतल्या ना? टी६ ला इतका ताणायचा नसतो. पायरीसाठी ६०६१-टी४ मागवा. टी४ म्हणजे ५३० वरून पाण्यात टाकलेला, पण भट्टीत न मुरवलेला. वाकण्याची हद्द १४५ च्या आसपास, आणि फुलवायला बराच सोसतो. पायरीवर ताण कमी, तिला टी४ पुरतो. दांडे टी६ च ठेवा. ऑर्डर देताना नुसतं '६०६१ पाइप' लिहू नका, टेंपरही लिहा आणि सर्टिफिकेटवर तो छापून घ्या.

---

शिडीवाला_हिंगणा

उशिरा लिहितोय, माफ करा. टी४ मिळायला अकरा दिवस लागले.

हायड्रॉलिक जॅकवर एक साधा साचा करून घेतला. पायरी दोन्ही दांड्यांतून आरपार, बाहेर ४ मिमी ठेवून फुलवली. एकही तोंड चिरलं नाही. पायरी फिरू नये म्हणून प्रत्येक जोडाला एक रिव्हेट, तोही दांड्याच्या मधोमध.

काल दोन शिड्या शेजारी शेजारी, २.८ मीटरवर दोन घोड्यांवर आडव्या ठेवल्या. एक जुनी वेल्डवाली, जी वाकली नव्हती ती, आणि एक नवी. मध्यभागी रेतीच्या पोत्यांचे १५० किलो. दोरा ताणून माप घेतलं. नवी शिडी ६१ मिमी खाली गेली, पोती काढल्यावर परत आली, दोऱ्यापासून फरक १ मिमी. जुनी खाली जाता जाता मधल्या पायरीशी हळूच बसली. पोती काढल्यावरही २२ मिमीचा बाक राहिला. कारागीर चौघंही उभे होते. ज्यानं गॅस फिरवला होता तो बराच वेळ त्या बाकावर बोट फिरवत होता, मग म्हणाला, 'दादा, उरलेल्या नऊ मी कापतो.'

ज्यांचं मनगट मोडलं त्या भाऊंचं प्लास्टर मागच्या आठवड्यात निघालं. पहिली नवी शिडी घेऊन त्यांच्याकडेच गेलो होतो. ते चढले, मधल्या पायरीवर दोनदा जोर देऊन पाहिलं, म्हणाले लचकते. मी त्यांना दोऱ्याचं माप दाखवलं.

बागवान भाऊ, तुमच्या सहा शिड्या मृग बहाराच्या तोडणीआधी देतो. रबरी टोप्यांसाठी बुंध्याची जाडी साधारण किती धरू?

---

बागवान_कळमेश्वर

वीतभर धरा, जुनी झाडं आहेत. मोजून उद्या सकाळी कळवतो. आणि शिडीवर ठळक अक्षरांत लिहून द्या, तारेखाली नेऊ नये. आमच्याकडे नवे मजूर येत राहतात.